साखळदंड तुटल्यानंतर



मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय या आठवड्यात घरी सर्वांनी मिळून वाचावा. थडग्यांमध्ये राहणाऱ्या एका माणसाला लोक साखळदंडांनी बांधीत आणि तो ते तोडून टाकी. प्रभूने त्याला बरे केले. तो अंगावर वस्त्रे घालून शांत बसला, तेव्हा गावकरी आनंदले नाहीत, घाबरले. तो प्रभूच्या मागे यायला निघाला, पण प्रभूने त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांत पाठवले.

या उताऱ्यावरून मनोरुग्णाला भूतबाधा झाली असे कोणी समजू नये. मनाचा आजार हा आजारच आहे. त्याला डॉक्टर लागतो. आणि बरे झालेल्याला घर लागते.

आपल्याच जिल्ह्यात कर्जतला 'श्रद्धा' ही संस्था हेच काम करते. डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली ती सुरू केली. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करायचे आणि पत्ता शोधून त्यांना घरी पोहोचवायचे. या सेवेसाठी डॉ. भरत यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तामिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २५हून अधिक मनोरुग्ण होरपळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी केली आहे. घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. पेण किंवा रोह्याच्या स्थानकावर असा निराधार माणूस दिसला, तर पोलिसांना कळवा. त्याला कोठडीत न ठेवता २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्रात नेणे हे त्यांचे कर्तव्य आहे.

पण दार उघडण्याचे काम कायदा करू शकत नाही. 'त्याला काय कळतंय' असे म्हणून आपण त्याला न विचारताच औषध ठरवतो, वाटणीच्या कागदावर त्याचा अंगठा घेतो, पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवतो. ही साखळी दिसत नाही, एवढाच फरक.

वर्षानुवर्षे रात्री जागून काढणाऱ्या आईला मी दोष देत नाही. दोष तिला एकटी सोडणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे. अशा घरी जा, तासभर बसा, तिला विसावा द्या. सल्ला हवा असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. आणि तो माणूस मिस्साला आला, तर त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवू नका.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू