शब्द कोणी पाळायचा?

नोकरीच्या अर्जात लिहिलेला शब्द म्हणजे वचन, की आत शिरण्यासाठी उच्चारायचा परवलीचा शब्द? मी बेंगळुरूत राहतो. ओळखीतली मुलं अर्ज पाठवण्याआधी 'काका, भाषा जरा बघा' म्हणून मला दाखवतात, आणि भाषा बघता बघता मी या प्रश्नाशी येऊन अडतो.

'जावा' आणि 'जावास्क्रिप्ट' ही दोन नावं घ्या. दोन्ही संगणकाच्या भाषा, पण एक येते म्हणून दुसरी येत नाही. १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी एक भाषा रचली. तिचं नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट. तेव्हा जावाचा बोलबाला होता, म्हणून त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिला जावास्क्रिप्ट हे नाव मिळालं. बाजारासाठी ठेवलेलं ते नाव आजही अर्ज चाळणाऱ्यांना चकवतं.

२०२० मध्ये तर कमाल झाली. 'फास्टएपीआय' हे साधन घडवणाऱ्या सेबास्टियन रामिरेझ यांना एक जाहिरात दिसली. त्या साधनाचा किमान चार वर्षांचा अनुभव हवा होता. त्यांनी ते घडवूनच जेमतेम दीड वर्ष झालं होतं. म्हणजे खुद्द निर्माताही नापास!

आपण हसतो, पण अशा जाहिरातीपुढे बसलेल्या उमेदवारानं काय करावं? 'दीड वर्ष' लिहिणारा पहिल्याच चाळणीत गळतो, 'चार वर्षं' लिहिणारा पुढे जातो. एकाच्या अज्ञानाची शिक्षा दुसऱ्याच्या खरेपणाला होते. मग मुलं विचारतात, 'प्रश्नच खोटा असेल, तर उत्तर खरं कशाला?'

या युक्तिवादात दम आहे, तरी तो मला पटत नाही. जाहिरात लिहिणाऱ्याला शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. अर्जदाराला आकडा खोटा असल्याचं ठाऊक आहे. शिवाय त्या खोट्या आकड्याचा भार शेजारच्या खऱ्या अर्जावर पडतो.

मात्र शब्द बदलणं आणि खोटं बोलणं एक नव्हे. अनेक भाषांत वावरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. 'मायएसक्यूएल'वर काम केलेल्या मुलीनं, जाहिरातीत 'आरडीबीएमएस' मागितलं म्हणून तेच लिहिलं, तर ते भाषांतर आहे. मायएसक्यूएल त्याच जातीचं आहे. तिनं न केलेलं काम लिहिलं, तर तो अनुवाद नाही, बनाव आहे. समोरच्याच्या शब्दांत आपलं खरं सांगावं, एवढंच मी मुलांना सांगतो. त्यानं नोकरी मिळेलच, असं मात्र सांगू शकत नाही. खरं लिहून घरी बसलेली मुलं माझ्यासमोर आहेत, आणि त्यांच्या घरभाड्याची तारीख माझ्या तत्त्वांसाठी थांबत नाही.

म्हणूनच खरेपणाचं सगळं ओझं अर्जदारावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याच्या हातात निवड आहे, त्यानं आपण मागतो त्या शब्दाचा अर्थ आधी समजून घ्यावा. ते काम जाणणाऱ्या एका माणसाला विचारलं तरी पुरे. अज्ञान हा दोष नसेल, पण अधिकाराच्या खुर्चीत बसून ते तसंच ठेवणं हा दोषच.

'अर्ज' म्हणजे मुळात विनंती. जुन्या अर्जाच्या शेवटी 'आपला विश्वासू' असं लिहून सही करायची रीत होती. जाहिरातीखाली मात्र तशी सही कधीच नसे. ती तिथेही असायला हवी.