अप्पर, डिपर आणि समोरचा डोळा

मालवण, देवगड, वेंगुर्ले. बंदरावरचा लिलाव आटोपला, की बर्फात दाबलेले मासळीचे क्रेट पिकअपमध्ये चढतात आणि गाडी घाटाकडे निघते. कोल्हापूर गाठायचं तर फोंडा किंवा करूळ, बेळगाव गाठायचं तर आंबोली. पहाटेच्या बाजाराआधी पोचायचं असतं, कारण बर्फ कुणासाठी थांबत नाही. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात दरडीचे दगड रस्त्यावर आलेले असतात, एरवी वळणावर गवा उभा असतो. कंपनीने दिलेला दिवा या रस्त्याला पुरत नाही, असं चालक म्हणतो तेव्हा त्यात बढाई नसते. म्हणूनच तो गॅरेजमध्ये जाऊन बंपरवर दोन जादा फोकस बसवून घेतो.

हे फोकस जोडण्याची एक रीत आहे. 55 वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे 110 वॅट. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ते नऊ अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह ओढतात. डॅशबोर्डवरचं लहानसं बटण एवढा भार फार काळ सोसत नाही; ते तापतं, वितळतं. म्हणून मध्ये रिले घालतात. बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी जाड वायर रिलेच्या 30 क्रमांकाच्या टोकाला आणि 87 मधून निघणारी दिव्यांकडे. 85 हे टोक बॉडीला म्हणजे अर्थला, आणि 86 ला बटणाकडून येणारी बारीक वायर. बटणातून जाणारा थोडासा प्रवाह रिलेमधल्या गुंडाळीत चुंबकत्व तयार करतो, त्याने आतली पट्टी ओढली जाते आणि मोठ्या प्रवाहाची वाट मोकळी होते. फ्यूज बॅटरीला जितका लगटून तितका चांगला. वायर कुठे घासून उघडी पडली तर आग लागण्याआधी तोच जळतो.

किनाऱ्यावर या कामाला मिठाची बाधा असते. हवेत खार, त्यात क्रेटमधून गळणारं मासळीचं पाणी. अर्थची जोडणी गंजते, तांब्यावर हिरवी पूड चढते, विरोध वाढतो आणि नवाकोरा दिवा पिवळट, मरगळलेला जळू लागतो. अशा वेळी दिवा बदलण्यापेक्षा अर्थचा नट खोलून, खरवडून, ग्रीस लावून पुन्हा आवळला तर बहुतेकदा काम होतं.

खरा प्रश्न मात्र त्या 86 क्रमांकाच्या बारीक वायरीचा आहे. बटणाला वीज कुठून द्यायची? ती अप्परच्या, म्हणजे हेडलाइटच्या दूर जाणाऱ्या झोताच्या, वायरीतून घेतली, तर फोकस फक्त अप्परसोबत लागतात आणि चालकाने डिपर मारून झोत खाली वळवला की अप्परबरोबर आपोआप विझतात. ती थेट बॅटरीतून घेतली, तर समोरून कुणीही येवो, हाताने बंद करेपर्यंत फोकस जळतच राहतात. सामान तेच, कामही तेवढंच. फरक एवढाच, की पहिल्या जोडणीत समोरच्या माणसाची आठवण वायरिंगमध्येच ठेवलेली असते आणि दुसरीत ती चालकाच्या मर्जीवर सोडलेली असते. गॅरेजच्या फरशीवर बसून घेतलेला हा निर्णय नीतीचा आहे.

त्याचं मोल डोळ्याच्या रचनेतून कळतं. अंधाराला पुरतं सरावायला माणसाच्या डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. तो सराव मोडायला एक झोत पुरतो. ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर कापते. तीन सेकंद डोळे दिपले तर 50 मीटर रस्ता न पाहता जातो, आणि घाटात तेवढ्यात एक वळण संपून दुसरं लागलेलं असतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 106 वा नियम याच डोळ्यापासून सुरुवात करतो. झोत खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा. किती, तर दिव्यापासून 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपणार नाही इतका. दिवा किती वॅटचा हे इथे विचारलेलंच नाही. मोजमाप समोरच्याच्या डोळ्यापासून घेतलं आहे, आणि कायद्याच्या पुस्तकात असं क्वचितच दिसतं.

धर्माच्या भाषेत मात्र प्रकाशाला मर्यादा घालणं अवघड जातं. बृहदारण्यक उपनिषदातली अंधाराकडून प्रकाशाकडे नेण्याची प्रार्थना शाळकरी मुलांनाही पाठ असते. सिंधुदुर्गात तुळशीपुढे तिन्हीसांजेला पणती लागते, त्रिपुरारी पौर्णिमेला देवळांपुढच्या दीपमाळा उजळतात, आणि गावची राखण करणारा देवचार रात्री हातात पेटती चूड घेऊन सीमेवर फिरतो असं जुनी माणसं सांगतात. जिथे अंधार म्हणजे अज्ञान आणि भय, तिथे जास्त प्रकाश म्हणजे जास्त पुण्य, असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण याच परंपरेत ईशावास्य उपनिषद आहे. अवघे अठरा मंत्र. त्यातल्या पंधराव्या मंत्रातला साधक तक्रार करतो ती अंधाराची नाही. सत्याचं मुख सोन्याच्या झळाळत्या पात्राने झाकलं आहे, असं त्याचं म्हणणं आहे. आणि सोळाव्यात तो सूर्याला विनवतो की तुझे किरण आवर, तेज गोळा करून घे, म्हणजे मला तुझं कल्याणरूप पाहता येईल. दिसावं म्हणून साधक इथे जास्त उजेड मागत नाही. सूर्याने तेज आवरावं असं मागतो.

आषाढातल्या आंबोलीत या मंत्राचा अर्थ अंगावर येतो. दाट धुक्यात नवखा चालक घाबरून अप्पर लावतो, वर फोकसही. पाण्याचे बारीक थेंब तो सगळा प्रकाश विखरून त्याच्याच डोळ्यांत परत पाठवतात आणि काचेपुढे पांढरी भिंत उभी राहते. रस्ता आहे, कठडा आहे, दरी आहे, पण सगळं त्याच्या स्वतःच्या दिव्याने झाकलेलं आहे. घाटाचा सराव असलेला माणूस अशा वेळी डिपर मारतो, बंपरच्या खालच्या बाजूला बसवलेले आणि पसरट झोत टाकणारे दिवे तेवढे ठेवतो आणि डांबराची कड धरून पुढे सरकतो. ज्ञानाच्या बाबतीतही हे खरं असावं. आपल्याला जे ठाऊक आहे त्याची झळाळी फार झाली, की समोरचं दिसेनासं होतं, आणि त्यात दोष समोरच्याचा नसतो.

गीतेतला अर्जुनही अकराव्या अध्यायात दिव्य दृष्टी मिळूनसुद्धा विश्वरूपाच्या तेजाने गांगरतो आणि ओळखीचं सौम्य रूप परत मागतो. ज्ञानेश्वर पसायदानात सज्जनांचं वर्णन करताना सूर्याची उपमा घेतात, पण त्या सूर्याचा ताप आधी काढून टाकतात. देवळाच्या गाभाऱ्यात समईचा मंद उजेड असतो. डोळे निवळले की मूर्ती दिसते. अलीकडे काही गाभाऱ्यांत प्रखर एलईडी बसवले गेले आहेत. त्यात दगडावरची प्रत्येक रेघ दिसते, पण डोळ्याने थांबून वाट पाहण्याची क्रिया हरवते. दर्शनाचा एक भाग त्यासोबत जातो, असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे.

जादा उजेडाचा हाच प्रश्न या किनाऱ्यावर समुद्रातही पेटला आहे. रात्री जनरेटर लावून नौकेवरून, कधी पाण्याखालीही, प्रखर एलईडी सोडायचे. उजेडाकडे बांगडा, तारली, म्हाकूल गोळा झाले की पर्ससीन जाळ्याने वेढून सगळा थवा एका दमात उचलायचा. लहान-मोठं, अंडी घालायला आलेलं, काही सुटत नाही. किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या गाबीत कुटुंबांना मग जाळ्यात केरकचरा मिळतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राने 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा 2021 मध्ये दुरुस्त करून दंड वाढवले. तरीही मालवणचे पारंपरिक मच्छीमार या दिव्यांविरुद्ध आवाज उठवत आले आहेत.

पिकअपच्या चालकाला निदान डिपर मारता येतो. एलईडीच्या नौकेला डिपर नाही, कारण तिचा प्रकाश वाट शोधण्यासाठी नाहीच. दुसऱ्या जिवाला दिपवून ओढून आणणं हाच त्याचा उपयोग आहे. किनाऱ्यावरचा उजेडही असाच फसवतो. वायंगणीच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून वर येतात तेव्हा ती क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावतात. शतकानुशतकं ती बाजू समुद्राची होती. किनाऱ्यावर दिवे वाढले तर ती जमिनीकडे वळतात.

चालकांचा एक युक्तिवाद नेहमी कानावर येतो: समोरचा डिपर देत नाही, मग आपण का द्यायचा? वरवर तो न्याय्य वाटतो. पण समोरचा आधीच आपल्या अंगावर येतो आहे; त्याला आंधळं करून आपली सुरक्षितता वाढत नाही, घटते. दोघांनी फोकस चालू ठेवले तर अरुंद रस्त्यावर दोन आंधळे परस्परांकडे येत असतात. एलईडीच्या नौकांचंही असंच झालं. शेजारच्याने दिवे घेतले म्हणून कर्ज काढून आपणही घेतले, आणि मासळी दोघांचीही आटली. इथे पहिल्यांदा माघार घेणाऱ्याचं काही जात नाही असं म्हणता येणार नाही. त्याचा एक हंगाम जाऊ शकतो, आणि म्हणूनच बंदी सगळ्यांवर सारखी लागू व्हावी ही मच्छीमारांची मागणी योग्य आहे.

घाटातल्या गाडीसाठी काम त्यामानाने सोपं आहे. 86 ची वायर अप्परमधून घ्यायला सांगायची, आणि फोकसचा कोन गाडी रिकामी असताना ठरवायचा नाही. मागे बर्फ आणि मासळीचं वजन पडलं की पिकअपचं नाक वर उचललं जातं. गॅरेजच्या भिंतीवर अचूक खाली पडलेला झोत लिलावानंतर थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांच्या रेषेत येतो. म्हणून माल भरल्यावर, घाटाकडे वळण्यापूर्वी, गाडी एखाद्या भिंतीसमोर सपाट जागी उभी करावी, दिव्याच्या उंचीवर खडूने रेघ मारावी आणि झोताची वरची कड त्या रेघेखाली येईपर्यंत बोल्ट सैल करून फोकस झुकवावा. दहा-पंधरा मिनिटांचं काम. तेवढ्या वेळात बर्फ फारसा वितळत नाही.