नचिकेताचा प्रश्न आणि बंद पडलेला मोबाइल

दसऱ्याला मुरबाडच्या एमआयडीसीत यंत्रांना झेंडूचे हार चढतात. ऑफिसातल्या संगणकालाही हळदकुंकू लागते. तोच संगणक बंद पडला की किलोच्या भावाने भंगारात. मग पूजा झाली ती वस्तूची, की तिच्या उपयोगाची?

कठोपनिषदातला नचिकेत नेमका इथेच अडला होता. वडील वाजश्रवस यज्ञात गाई दान देत होते. पण त्या दूध आटलेल्या, चारापाणी संपलेल्या. निरुपयोगी ते दुसऱ्याच्या गळ्यात घालणे, याला दान म्हणायचे का? पोराचा प्रश्न बापाला झोंबला. 'दान' म्हणून गरीब देशांत मोडके संगणक धाडणाऱ्यांनाही तो झोंबायला हवा.

२०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद जेमतेम २२.३ टक्क्यांची.

मुरबाड तालुक्यातल्याच म्हसा गावच्या जत्रेत पौष पौर्णिमेला बैलबाजार भरतो. थकलेल्या बैलाचे काय करायचे, हे कोडे शेतकऱ्याला नवे नाही. बैल निदान डोळ्यांत बघतो. मोबाइल बघत नाही. तांब्यासाठी उघड्यावर वायर जाळणाऱ्याच्या छातीत मात्र धूर उतरतो, शिसे मातीत. कर्म एकाचे, फळ भलत्याच्याच पदरी!

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. कागद चोख. पण कपाटात पडलेला जुना मोबाइल अधिकृत केंद्रापर्यंत न्यायचा कोणी? भंगारवाला दारात येतो, रोख देतो. केंद्राची गाडी पाड्यावर क्वचितच दिसते.