चालतंय म्हणजे बरोबर, हे तुला कोणी सांगितलं?

"सर, प्रोग्राम चालत नाहीये." एवढंच? कुठल्या ओळीवर अडला? काय एरर आली? "लाल अक्षरं आली, म्हणून बंद केलं." अरे, ती लाल अक्षरं कोणासाठी होती? पायथन ओळीचा नंबर सांगतो. शेवटच्या ओळीत काय बिघडलं तेही लिहितो. आणि तू त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतोस, "कोणी सांगेल का?" कोणी का सांगायचं? तुला वाचता येत नाही का?

"सिंटॅक्स येतं सर, सगळे व्हिडिओ बघितलेत." बघितलेस, तेही दुप्पट वेगाने. आता कोरी फाइल उघड आणि कुठेही न बघता एक इफ लिही. कोलन विसरलास. दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच टाकलंस. बोटांना सवय नाही आणि म्हणे समजलंय! वर विचारतोस, "पायथनऐवजी जावास्क्रिप्ट घेऊ का?" नाचता येईना अंगण वाकडं.

टाइपचं तर विचारूच नये. वय विचारलंस, त्यात एक मिळवायला गेलास, टाइपएरर आली. मग कुठून तरी 'इंट' उचलून चिकटवलंस. का चिकटवलं? "त्याने चाललं." इनपुट हातात देतो ती स्ट्रिंग, समोरच्याने आकडे टाइप केले तरीही. हे एकदा नीट समजून घ्यायला किती वेळ लागला असता?

बरं, तिथे निदान एरर तरी आली. तुझ्या गुणांच्या यादीत तीही आली नाही. गुण स्ट्रिंगच ठेवलेस आणि 'मॅक्स'ला सर्वांत मोठा विचारलास. १०० आणि ९ यांत त्याने ९ दिला. देणारच! स्ट्रिंगची तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि एकाच्या पुढे नऊ. पायथनने हूं की चूं केलं नाही. शंभर मिळवणारी पोरगी मागे पडली, नऊवाला पहिला आला आणि तू म्हणालास, "झालं सर, चालतंय."

चालतंय! ४ जून १९९६ला एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. त्यातला एक कोड एरियान ४ वरून जसाच्या तसा उचललेला होता. तिथे चालत होता ना! नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे घालून तो तपासलाच नव्हता. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलायला गेला, ती मावली नाही, आणि चाळीसेक सेकंदांत रॉकेटच्या चिंधड्या. तेही तुझ्याहून कितीतरी जाणत्या माणसांच्या हातून. आणि तुला टेस्ट लिहायला वेळ नाही?

वेळेचं नाव सांगू नकोस. लीप वर्षाचं फंक्शन लिहिलंस, २०२४ टाकलंस, 'हो' आलं, लॅपटॉप मिटलास. १९०० का नाही टाकलंस? चारने भाग जातो, तरी ते लीप वर्ष नाही. २००० आहे, कारण त्याला चारशेनेही भाग जातो. हा नियम तुला शाळेपासून पाठ आहे. मग अडलं कुठे? मी सांगतो. उत्तर चुकलं तर पुन्हा बसावं लागेल, म्हणून सोपं तेवढंच विचारलंस. याला तपासणं म्हणत नाहीत, स्वतःची समजूत काढणं म्हणतात.

आणि आता नवीन पळवाट. "हल्ली एआय लिहून देतं सर." देऊ दे. त्याने दिलेलं बरोबर की चूक, हे कोण ठरवणार? स्ट्रिंग आणि आकडा यांत गफलत करणारा तू?

तू मठ्ठ असतास तर मी चार गोड शब्द बोलून सोडून दिलं असतं. गणित पक्कं आहे तुझं. दुसऱ्याच्या कोडमधली चूक लगेच दाखवतोस. स्वतःचा कोड आला की डोळे मिटतात. राग त्याचा येतो.

चल, नवी फाइल उघड. फंक्शन नंतर, आधी चार असर्ट: २०२४ हो, २०२३ नाही, १९०० नाही, २००० हो. मग कोड लिही. एखादा असर्ट पडला तर कुठली ओळ पडली ते मोठ्याने वाच आणि स्वतः दुरुस्त कर. ग्रुपवर फोटो दिसता कामा नये. चारही पास झाले की दाखवायला ये. पाचवं वर्ष मी सांगेन.