रंगीत पिल्लू आणि आपली दया

जत्रेत लाल-हिरवी रंगवलेली कोंबडीची पिल्ले दिसली की मुले हट्ट धरतात आणि दया येऊन आपण दोन विकत घेतो. ही बहुतेक अंड्यांच्या जातीतील नर पिल्ले असतात. ती अंडी देणार नाहीत, मांसासाठी वाढवणे परवडत नाही, म्हणून हॅचरी ती स्वस्तात काढून टाकते. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. आपल्या खोक्यात कित्येक गारठून मरतात. न घेतले तरी ते पिल्लू कदाचित मरेल, हे खरे. पण आपल्या पैशाने उद्याची पाटी भरते. मग आपण दया करतो ती पिल्लावर, की स्वतःच्या मनावर? पाळायचेच असेल तर आधी खुराडे, ऊब आणि रोजचा वेळ यांची तयारी करू या. ती नसेल तर मुलांना प्रेमाने ‘नाही’ म्हणणे हीच खरी दया.