न वापरलेल्याचा हिशेब

अवसरी बुद्रुकसारख्या गावात बटणांचा साधा फोन बऱ्याचदा येणाऱ्या फोनपुरताच बाळगला जातो: सासरहून लेकीची विचारपूस, मंचरच्या आडतदाराकडून बाजारभाव. लाइफटाइम व्हॅलिडिटीच्या काळात प्रीपेड ही अपरिग्रहाला, म्हणजे गरजेपुरतेच बाळगण्याच्या व्रताला, साजेशी सोय होती. उधारी नाही, कमी बोललात तर शिल्लक तुमचीच. २०१८ च्या अखेरीस बड्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली आणि वापराऐवजी दिवस विकले जाऊ लागले. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाला तेरा रिचार्ज! पतंजलींनी यमांत अपरिग्रहाबरोबरच अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, हेही ठेवले आहे. संयमाने वाचवलेली मिनिटे मुदतीअखेर बुडत असतील, तर प्रश्न अस्तेयाचा ठरतो.

यावर कंपन्या म्हणतील, गप्प ग्राहकासाठीही टॉवर चालूच ठेवावा लागतो. खरे आहे, त्याचे भाडे जरूर घ्यावे. पण ज्या फोनवर इंटरनेटच चालत नाही, त्याच्या मालकाकडून डेटाचे पैसे घेणे हे भाडे नव्हे. हा धर्माचा नव्हे, बाजाराचा विषय आहे, असेही कोणी म्हणेल. पण व्यवहारात न लागू होणारा यम काय कामाचा? डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने केवळ कॉल आणि एसएमएसचे, ३६५ दिवसांपर्यंतचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले. रिचार्ज करताना दुकानदाराकडे तेच मागा.