यिथ्रोने विचारलेला प्रश्न



शेमोथच्या अठराव्या अध्यायात, यिथ्रोच्या पाराशात, एक घरगुती प्रसंग आहे. दहा आज्ञांकडे जाण्याच्या घाईत आपण तो भरभर वाचून टाकतो. मोशेचा सासरा यिथ्रो अरण्यात येतो आणि येताना मोशेची पत्नी सिप्पोरा व दोन मुलगे यांना बरोबर आणतो. ज्याने अख्ख्या प्रजेला दास्यातून सोडविले, त्याची बायकामुले त्याच्यापाशी सासऱ्याने आणून पोहोचवावी लागली! दुसऱ्या दिवशी यिथ्रो पाहतो तो काय, जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसलेला. हे काय चालविले आहेस, असे तो विचारतो, आणि स्पष्ट बजावतो की अशाने तूही झिजशील आणि हे लोकही थकतील. विश्वासू माणसे निवड व कामाचा भार वाटून दे.

मोशेचे काम तर परमेश्वराचे होते. तरीही त्याला हा सल्ला ऐकावा लागला, आणि त्याने तो ऐकला. मग आपल्या ऑफिसच्या कामाची काय कथा? या देशात आपण पहाटे निघतो, काळोखात परततो आणि म्हणतो, हे सारे मुलांसाठीच. पण मुलांना त्यातले काय मिळते?

याचे उत्तर याच देशातील एका यहुदी वकिलाच्या आयुष्यात सापडते. त्यांचे नाव लुई मार्शल. १८५६ साली न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज शहरी, जर्मनीहून आलेल्या आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. वडील कातड्यांचा व्यापार करीत. लुईने कोलंबियात कायद्याचा दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात उरकला. १८९४ साली ते न्यूयॉर्क शहरात एका मोठ्या फर्ममध्ये भागीदार झाले. कंपन्या आणि धनको हे त्यांचे अशील. पैसा व मान दोन्ही मिळाले. एवढ्यावर कोणीही संतुष्ट राहिला असता.

परंतु मार्शल यांनी आपली विद्या केवळ अशिलांसाठी राखून ठेवली नाही. १९१२ पासून अखेरपर्यंत ते अमेरिकन ज्यूइश कमिटीचे अध्यक्ष होते. पहिल्या महायुद्धात पोळलेल्या यहुद्यांच्या मदतीसाठी ते राबले. स्वतः सुधारक पंथाच्या मंदिराचे अध्यक्ष असूनही त्यांनी परंपरा जपणाऱ्या धर्मविद्यालयाची धुरा वाहिली. रशिया-पोलंडहून आलेले गरीब बांधव यिद्दिश बोलत, म्हणून त्यांची वर्तमानपत्रे वाचता यावीत यासाठी ते मोठेपणी यिद्दिश शिकले. आपल्यापेक्षा दुबळ्या भावाची भाषा शिकणे ही लहानसहान गोष्ट नव्हे.

त्यांना नेहमी यशच आले असेही नाही. अटलांटात लिओ फ्रँक या यहुदी व्यवस्थापकाला खुनाच्या आरोपाखाली, गर्दीच्या दडपणात चाललेल्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली होती. १९१५ साली मार्शल यांनी सर्वोच्च न्यायालयात त्याची बाजू मांडली. सात विरुद्ध दोन मतांनी ते हरले. राज्यपालांनी फाशी रद्द करून जन्मठेप दिली, तर जमावाने त्याच वर्षी फ्रँकला तुरुंगातून पळवून झाडाला लटकाविले. मात्र १९२३ साली, आर्कान्सातील मृत्युदंड झालेल्या कृष्णवर्णीयांच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने जमावाच्या धाकाखालील निवाडा हा न्याय नव्हे हे तत्त्व उचलून धरले, आणि ते लोक वाचले. पुढे मार्शल कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेच्या संचालक मंडळावर बसले.

१९२४ चा परदेशीयांना रोखणारा कायदा आला, तेव्हा त्यावर सही करू नये असे त्यांनी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना कळविले. कूलिज यांनी सही केली. मार्शल पुन्हा हरले. हिंदी लोकांना तर १९१७ पासूनच दार बंद होते. या कायद्याने ते अधिक घट्ट झाले. याच कायद्याविरुद्ध ब्रुकलिनचे यहुदी वकील इमॅन्युएल सेलर प्रतिनिधिगृहात बोलले होते. १९६५ साली देशवार कोटा काढणाऱ्या कायद्यावर त्यांचे नाव लागले. आपल्यापैकी कित्येकांची कुटुंबे त्याच दारातून आत आली. एकाने पेरावे, एकेचाळीस वर्षांनी दुसऱ्याने कापावे आणि तिसऱ्याच्या ताटात पडावे, असा हा हिशोब आहे.

आता घराकडे वळू. १९१६ साली पत्नी फ्लॉरेन्स वारल्या. चार मुलांचा बाप मागे राहिला. हे कुटुंब उन्हाळ्यात अॅडिरॉन्डॅक डोंगरांत, सरोवराकाठच्या घरी जमत असे. तेथील सरकारी जंगल कायम राखावे ही तरतूद १८९४ च्या राज्यघटना परिषदेत मंजूर झाली; मार्शल त्या परिषदेत होते आणि १९१५ च्या परिषदेतही त्यांनी तिचा बचाव केला. मुलांनी हे पाहिले. त्यांचा रॉबर्ट वनखात्यात गेला आणि १९३५ साली अरण्ये राखणारी विल्डरनेस सोसायटी स्थापणाऱ्यांत होता. जेम्स वकील झाला आणि पुढे न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाचा अध्यक्ष. बापाने बँकेत काय ठेवले हे आज कोणी विचारीत नाही. मुलांनी बापाचा ध्यास उचलला, हे मात्र सर्वांना दिसते.

मार्शल ११ सप्टेंबर १९२९ रोजी झुरिक येथे वारले. एक महिन्यापूर्वी तेथेच झायोनिस्ट आणि बिगर-झायोनिस्ट यांना एकत्र आणणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या स्थापनेसाठी ते आले होते.

ही उदाहरणे आपल्याला परकी नाहीत. मुंबईत हाईम सामुएल केहिमकर यांनी १८७५ साली इस्रायली मुलांसाठी शाळा काढली, तीही सरकारी नोकरी सांभाळून. डॉ. ई. मोझेस वैद्यकी करीत मुंबईचे महापौर झाले.

तर मग यिथ्रोचा प्रश्न आपणही स्वतःला विचारावा. पैशाचा दशांश देणे सोपे असते, चेक फाडला की झाले. आपल्या कसबाचा दशांश देणे अवघड. ज्याला हिशेब येतो, त्याने सिनेगॉगचा हिशेब ठेवावा. जी परिचारिका आहे, तिने आपल्या म्हाताऱ्यांची विचारपूस करावी. ज्याला कायदा येतो, त्याने नव्याने आलेल्या कुटुंबाचे कागद पाहावेत. ज्याला मराठी येते, त्याने मुलांना एलियाहू हनाबीचे कीर्तन अर्थासह शिकवावे. आणि शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी हातातले काम खाली ठेवावे, म्हणजे आपल्या बायकामुलांना आपल्याकडे आणून सोडण्याची वेळ कोणत्याही सासऱ्यावर येणार नाही.

मोशेच्या थोरल्या मुलाच्या नावात परक्या देशाची आठवण आहे, धाकट्याच्या नावात परमेश्वराच्या साहाय्याची. आपल्या घरातही हे दोघे भाऊ एकत्र नांदोत. आमेन.